प्रशिक्षित माणसाने रेंजवर पिस्तूल बेफिकिरीने हाताळले, तर नवख्याने काय करावे?

नवखा_नेमबाज:
पुण्याजवळच्या एका रेंजवर मी दहा महिन्यांपासून .२२ पिस्तुलाचा सराव करतो. गेल्या रविवारी शेजारच्या लेनवर सशस्त्र संरक्षणाचे काम करणारे दोघे आले होते. दोघेही रीतसर प्रशिक्षण घेतलेले, आणि नेम आमच्यापेक्षा कितीतरी पक्का. माझ्या लेनवरचे आम्ही तिघे कागद बदलायला २५ मीटरवरच्या टारगेटपाशी गेलो असताना त्या दोघांतल्या थोरल्याने मेजावरचे पिस्तूल उचलून स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून पाहिली. आम्ही परतल्यावर तो सोबत्याला काही समजावत डावीकडे वळला, तेव्हा त्याचे बोट ट्रिगरगार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, आत होते आणि नळीचे तोंड मला गोल दिसत होते. मी हटकले, तर ‘खाली (रिकामे) आहे हो, वीस वर्षे हेच करतोय’ असे उत्तर मिळाले. रेंजवर देखरेख करणारा रेंज ऑफिसर पंचविशीतला मुलगा. त्याने सगळे पाहिले आणि काही न बोलता मान वळवली. मी वाजवीपेक्षा जास्त घाबरलो का, आणि पुन्हा असे झाले तर नेमके काय करावे?

बट_नंबर_चार:
तुम्ही घाबरलात ते योग्यच झाले. पोलीस दलात असताना चांदमारीवर मी ‘खाली आहे’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की त्याचीच धास्ती वाटते. पिस्तूल रिकामे करताना आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायचे आणि मग स्लाइड ओढायची. हा क्रम उलटला, तर स्लाइड मागे येताच चेंबरमधली (नळीच्या मागच्या खाचेतली) गोळी बाहेर पडते, स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये सरकवते, आणि त्यानंतर मॅगझिन काढणारा माणूस गोळी बाहेर पडताना आपण डोळ्यांनी पाहिली या भरवशावर निर्धास्त होतो. नवखाही ही चूक करतो, पण त्याच्या डोक्यावर उस्ताद उभा असतो. आमच्याकडे सराव संपल्यावर ‘जाँच शस्त्र’, म्हणजे शस्त्रे रिकामी असल्याची तपासणी, झाली, तेव्हा एका वरिष्ठांचे पिस्तूल तपासायला हवालदार पुढे झालाच नाही. साहेबांना कसे सांगायचे, म्हणून. पाच मिनिटांनी त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर गोळी जमिनीत घुसली. तो हवालदार मीच होतो.

आरओ_काका:
मला पहिली चूक दुसरीपेक्षा मोठी वाटते. फायरिंग लाइनच्या (नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या) पुढे माणसे असताना शस्त्राला हात लावायचा नाही, मग ते रिकामे का असेना. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत हे स्पष्ट आहे. शिवाय चेंबरमध्ये ते रिकामे असल्याचे दाखवणारा ठळक रंगाचा सेफ्टी फ्लॅग असावा लागतो, आणि धोकादायक परिस्थिती दिसल्यास नेमबाजाने ती तात्काळ रेंज ऑफिसरच्या कानावर घालावी, असेही त्यांत म्हटले आहे. आमच्या क्लबात तर ‘स्टॉप’ म्हणून ओरडण्याचा अधिकार पहिल्या दिवशी आलेल्या पोरालाही आहे. तुम्ही घडला प्रकार वेळेसह लिहून सचिवांना द्या. तोंडी सांगितलेले चहाबरोबर विरून जाते. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार बंदुकीच्या निष्काळजी वापराने इतरांचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुमच्या प्रसंगात गोळी सुटलेली नाही, त्यामुळे पोलिसांत जाण्यापेक्षा क्लबात पत्र देणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

होल्स्टर:
मी याच व्यवसायात होतो, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. आमच्या कामात होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) शस्त्र काढणे, वळणे, चालत्या पावलांनी नेम धरणे हे सगळे येते. त्यासाठी तिन्ही बाजूंनी मातीचे बांध असलेली वेगळी जागा लागते. ती मिळाली नाही की माणूस लेनच्या रेंजवरच ते करू पाहतो. मात्र नळी माणसावरून फिरवायला तेथेही कोणी शिकवत नाही, तेव्हा त्या गृहस्थाचा बचाव मी करणार नाही. २००४ साली अमेरिकेत ऑर्लँडो येथे अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने मुलांसमोर बोलताना, या खोलीत ही ग्लॉक (एका प्रकारचे पिस्तूल) बाळगण्याइतका तयार माणूस आपणच, अशा अर्थाचे विधान केले आणि क्षणभरात स्वतःच्याच पायात गोळी झाडून घेतली. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. ग्लॉकचे भाग सुटे करायचे, तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो. त्यामुळे चेंबरमध्ये नजर टाकून वर बोटाने चाचपून पाहण्याची सवय मी शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही.

नवखा_नेमबाज:
सर्वांचे आभार. पत्र दिले. सचिवांनी रेंज ऑफिसरला समोर बसवून घेतले आणि माणसे पुढे असताना मेजापासून दोन पावले मागे उभे राहण्यासाठी जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली. काल ते गृहस्थ आले होते. त्यांच्या पिस्तुलाच्या चेंबरमधून नारिंगी फ्लॅग डोकावत होता. माझ्याशी मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.