मदत हवी आहे: पी१६ च्या निगेटिव्ह कंट्रोललाही तपकिरी रंग येतोय

नमस्कार मंडळी. इथे कुणी पॅथॉलॉजीवाले असतील तर जरा लक्ष घाला. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, प्रकल्प गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पी१६ आणि केआय-६७ या प्रथिनांवर.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी: एचपीव्हीचं (हा कर्करोग घडवणारा विषाणू) ई७ प्रथिन पेशीतल्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. पी१६ खरं तर पेशीविभाजनाला लावलेला ब्रेक, तो आरबीमार्फत चालतो, पण आरबीच नसेल तर तो दाबून उपयोग काय! पेशी पी१६ बनवत राहते आणि ते साचतं. तेच आपण रंगवून बघतो.

आता माझं रडगाणं. परवा सहा स्लाइड लावल्या. रंगवायला पॉलिमर कीट; त्याआधी ऊतीतलं प्रथिन अँटिबॉडीसाठी उघडं करायला ट्रिस-ईडीटीए पीएच ९ द्रावण आणि प्रेशर कुकर (हो, शिट्टीवालाच). टॉन्सिलचा पॉझिटिव्ह कंट्रोल झकास. पण प्रायमरी अँटिबॉडी (पी१६ला चिकटणारी) न घातलेली स्लाइड, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोलही तपकिरी! स्ट्रोमात (आधार देणाऱ्या ऊतीत) ठिपके, रक्तवाहिन्यांच्या आत गच्च रंग, आणि सेक्शनच्या (ऊतीच्या पातळ कापाच्या) एका कडेला पट्टा. सर म्हणतात, "पुन्हा कर." करीन हो, पण बायोप्सी तांदळाच्या दाण्याएवढी, ब्लॉकमध्ये जेमतेम आठ-दहा सेक्शन उरलेत. चूक नेमकी कुठली, हे कळल्याशिवाय मायक्रोटोमला (सेक्शन कापायच्या यंत्राला) हात लावायची हिंमत होत नाही.

ऊतीतली स्वतःची पेरॉक्सिडेज क्रिया मारायला पेरॉक्साइड ३ टक्के, १० मिनिटं दिलं होतं. बाटली मात्र कधी उघडलेली, देव जाणे.

प्रतिसाद

शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं :)

रक्तवाहिनीतला रंग म्हणजे तांबड्या पेशी. स्ट्रोमातले ठिपके बहुधा न्यूट्रोफिल, सुजलेल्या गर्भाशयमुखात ते ढिगाने असतात. दोन्हींत स्वतःची पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते, ती मारली नाही तर डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन) तिथेही तपकिरी होतं. कडेचा पट्टा वेगळा: तिथे सेक्शन वाळलंय. ओलसर डबा वापरता ना? सेक्शनभोवती द्रव अडवायला काढलेलं पॅप पेनचं वर्तुळ तुटलं होतं का, तेही बघा.

बायोप्सीला हात लावू नका. गर्भाशय काढलेल्या एखाद्या जुन्या केसचा सर्व्हिसायटिसचा (गर्भाशयमुखाच्या सुजेचा) ब्लॉक मागा, त्यात ऊती भरपूर असतात. दोन सेक्शन घ्या: एकाला जुनं पेरॉक्साइड, दुसऱ्याला नव्या बाटलीतलं. अँटिबॉडी, पॉलिमर काहीच नको, थेट डॅब. जुन्यावर तपकिरी आणि नव्यावर स्वच्छ आलं की चोर सापडला.

आणि परवाच्या स्लाइडवरून पी१६ वाचू नका. तळाच्या थरापासून सलग, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत गडद रंग हवा. तुकड्यातुकड्यांनी आलेला रंग पॉझिटिव्ह धरत नाहीत, आणि अशा मळक्या पार्श्वभूमीवर तुकडेही सलग वाटतात.

धागाकर्ती

बाटलीवर तारीखच नाही. वर्तुळही तुटलं होतं, आत्ता स्लाइड उजेडात धरून पाहिलं. सर्व्हिसायटिसचा ब्लॉक उद्या मागते.