शाळेच्या भिंतीवर मेरी कोमच्या नावाखाली काय लिहू?

दिग्रसचा कास्तकार
नमस्कार मंडळी. दिग्रसजवळच्या खेड्यात माझं साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-तुरीचं. पोरगी आठवीत आहे, दोन वर्षांपासून बॉक्सिंग शिकते. खताच्या पोत्यात जुने कपडे कोंबून निंबाच्या फांदीला टांगलेत, त्यावर ती ठोसे मारते. हाताला तिच्या आजीच्या लुगड्याच्या पट्ट्या.

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर खेळाडूंची चित्रं काढणं सुरू आहे. मेरी कोमचं चित्र झालं. नावाखाली एकच ओळ मावते. समितीच्या बैठकीत मी म्हटलं, सहा वेळा विश्वविजेती लिहा. एक जण म्हणाले, "पण ऑलिम्पिकचं सोनं नाई ना आणलं, मंग कायले?" दुसऱ्यानं निखत झरीनचा, त्या दुसऱ्या बॉक्सरचा विषय काढला. मला इतका राग आला की बैठकीतून उठून आलो. रात्रभर डोक्यात तेच. आणखी वीस वर्षांनी या बाईला लोक कशासाठी ओळखतील? जाणत्यांनी सांगावं.

अकोल्याचा कोच
भाऊ, त्या लोकांना आधी वजनकाटा दाखवा. २००२ मध्ये तुर्कस्तानात पहिलं विश्वविजेतेपद, ते ४५ किलोत. पुढची ४६ मध्ये, २०१० अन् २०१८ ची ४८ मध्ये. ऑलिम्पिकात बायकांचं बॉक्सिंग आलंच मुळी २०१२ ला. तेव्हा पुरुषांना दहा वजनगट, बायकांना तीन: ५१, ६०, ७५. तिचा गटच नव्हता! तोवर पाच विश्वविजेतेपदं जिंकून झालेली, पदरी जुळी लेकरं. तरी वजन चढवून ती ५१ मध्ये उतरली अन् कांस्य आणलं. उपांत्य फेरीत तिला हरवलं निकोला अॅडम्सनं, अन् सोनं तिनंच नेलं.

मी एकवीस वर्षं पोरं शिकवतोय. ४८ च्या पोरीला ५१ मध्ये उतरवताना आजही पोटात गोळा येतो. समोरची ५५ वरून उतरून आलेली असते, तिची हाडंच रुंद. आपल्या पोरीचे ते तीन किलो केळी-भात खाऊन चढवलेले. ठोसा लागला की फरक कळतो. ते कांस्य मला तरी सोन्याहून कमी वाटत नाही.

वर्ध्याची वाचक
दादा, तुम्हाला राग येईल, पण निखतचा विषय काढणारे चुकले नाहीत. ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेला कोण जाणार, यासाठी निखतनं फक्त मेरीविरुद्ध निवड चाचणी मागितली होती, तो तिचा हक्क होता. डिसेंबर २०१९ मध्ये चाचणी झाली, मेरी ९-१ नं जिंकली आणि हात न मिळवता निघून गेली. मला ते खटकलं, अजून खटकतं. जिंकलेल्या माणसानं हात पुढे करावा. निखत पुढे २०२२ आणि २०२३ ला विश्वविजेती झाली, म्हणजे तिचा दावा पोकळ नव्हता.

पण त्यासाठी भिंतीवरचं नाव पुसू नका. शिकवताना पोरींना दोन्ही सांगा. मोठ्या माणसाची चूक लपवली की पोरींना ती माणसं खोटी वाटायला लागतात.

आशाताई, मेळघाट
मी गावात बाळंतिणींच्या घरी जाते. पहिलं लेकरू झालं की पोरीचं शिकणं, खेळणं, सगळं संपलं असं सासूच नाही, आईसुद्धा म्हणते. मेरी कोमला २००७ मध्ये जुळी झाली आणि २००८ मध्ये ती चीनमधून विश्वविजेतेपदाचं सोनं घेऊन आली. हे मी प्रत्येक घरी सांगते. नवऱ्यानं लेकरं सांभाळली, हेही सांगते, तिथं बाप्या माणसांकडे बघून. शेवटचं विश्वविजेतेपद २०१८ चं, तोवर तीन मुलांची आई होती. माझ्यासाठी तिची ओळख हीच.

दिग्रसचा कास्तकार
सगळ्यांचे आभार. कोच सर, वजनगटाचं आमच्या बैठकीत एकालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. वर्ध्याच्या ताई, आधी राग आला, खरं सांगतो. मग दोनदा वाचलं. तुमचं पटलं.

काल सगळी उत्तरं पोरीला वाचून दाखवली. ती उठून कापूस मोजायच्या काट्यावर उभी राहिली. ३९ किलो. मग विचारलं, "बाबा, ते कोन्त्या गावची हाय?" मी सांगितलं, कांगाथेई, मणिपूरमधलं खेडं, मायबाप शेतात राबणारे. बॉक्सिंग शिकते हे तिनं घरी लपवलं होतं. २००० साली राज्य स्पर्धा जिंकली तेव्हा पेपरात फोटो आला, तो बघून बापाला कळलं.

हे सांगता सांगता माझा आवाज बसला. माझ्याही पोरीनं मला तीन महिने सांगितलं नव्हतं. बोटं सुजलेली दिसली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली विहिरीच्या दोरानं झालं.

पेंटर गुरुवारी येतोय. समितीला सांगून आलो, ओळ अशी राहील: "कांगाथेई गावची, सहा वेळा विश्वविजेती". गावाचं नाव आधी. पोरीनंच तसं सांगितलं.