स्वमग्नतेचे प्रशिक्षण : द्यायचे कोणाला आणि शिकवायचे कोणी?

एक पालक, विजापूर रोड

आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. माझी पत्नी सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या तेलुगू कुटुंबातली असून मुलाला सांभाळणाऱ्या तिच्या आईला तेलुगूखेरीज दुसरी भाषा बोलता येत नाही. निदान सांगणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच बैठकीत आम्हाला बजावले की दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो, तेव्हा घरातली तेलुगू बंद करा. आम्ही ते निमूटपणे पाळले. पुढची दोन वर्षे आजी नातवाला भरवत होती, न्हाऊ घालत होती, निजवत होती, आणि हे सारे तोंडातून शब्द न काढता करत होती. पुढे पुण्यातल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते या समजुतीला संशोधनात आधार मिळालेला नाही. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसालाच गप्प बसवले, तर तोटा मात्र नक्की होतो.

ही तक्रार कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही, म्हणून नाव लिहीत नाही. परंतु मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात असा सल्ला दिला जातो, तेव्हा तो देणाऱ्याला आपण काय शिकवले, हा प्रश्न उरतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि त्याच कायद्याच्या कलम 47 मध्ये डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, पोलीस, न्यायाधीश, आशा आणि अंगणवाडी सेविका या सर्वांच्या अभ्यासक्रमांत व प्रशिक्षणांत दिव्यांगत्वाचा विषय असावा, असे म्हटलेले आहे. प्रत्यक्षात 2 एप्रिलच्या स्वमग्नता जागरूकता दिनी एक व्याख्यान होते, दीपप्रज्वलन होते आणि प्रमाणपत्रे वाटली जातात.

माझे म्हणणे असे की हे प्रशिक्षण सक्तीचे असावे, ते दवाखान्यात आणि वर्गात, म्हणजे कामाच्या जागी व्हावे, आणि शिकवणाऱ्यांमध्ये पालक व स्वतः स्वमग्न असलेली माणसे असावीत. सदस्यांनी आपले मत मांडावे, विरोध असल्यास तोही.

बालरोगतज्ज्ञ, होटगी रोड

विरोध आहे, म्हणून लिहितो. आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा होता, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

बाह्यरुग्ण विभागात सकाळी ऐंशी मुले येतात. एका मुलाला तीन-चार मिनिटे मिळतात आणि त्यातही निम्मी मुले तापाने फणफणलेली असतात. मला स्वमग्नतेची लक्षणे ठाऊक आहेत. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायची वीस प्रश्नांची यादीही टेबलाच्या कप्प्यात आहे. अडचण ज्ञानाची नाही. संशय आल्यावर मूल पाठवायचे कुठे, ही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्यात शाळा-अंगणवाड्यांतून तपासणी आणि पुढे जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी साखळी कागदावर उत्तम आखलेली आहे. पण जिथे वाचा-उपचारतज्ज्ञाचे किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञाचे (ऑक्युपेशनल थेरपिस्टचे) पद भरलेले नसते, तिथे साखळीचे पुढचे टोक हवेत लोंबकळते. अशा स्थितीत शंभर अंगणवाडी सेविकांना लक्षणे शिकवली, तर रांग शंभरपट वाढेल आणि उपचार करणारे हात तेवढेच राहतील.

दुसरा धोका अर्धवट प्रशिक्षणाचा आहे. दीड वर्षाचे मूल बोलत नाही म्हणून कोणीतरी ‘ऑटिझम’ हा शब्द उच्चारतो, आई रात्रभर मोबाइलवर वाचत बसते, आणि माझ्याकडे आल्यावर साधी श्रवणचाचणी केली की मुलाला नीट ऐकूच येत नव्हते असे निष्पन्न होते. ही माझ्या टेबलासमोर घडलेली गोष्ट आहे. पैसा मर्यादित असेल, तर तो आधी पदे भरण्यावर खर्च व्हावा.

प्राथमिक शिक्षिका

सक्तीच्या प्रशिक्षणाला डॉक्टरांचा जो विरोध आहे, त्याच्याशी मी सहमत आहे, पण माझे कारण निराळे आहे. आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण नवीन नाही. वर्षभरात इतकी प्रशिक्षणे होतात की वर्गात शिकवायचे कधी, असा प्रश्न पडतो, आणि त्यांतली बहुतेक हजेरीपत्रक, चहा व समूह छायाचित्र या क्रमाने पार पडतात. सक्ती केली की चौथ्या क्रमांकावर ऑनलाइन चाचणी येईल आणि तिची उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतील. हे मी उपरोधाने म्हणत नाही. तसे होताना पाहिले आहे.

तरीही एक अनुभव नोंदवते. माझ्या वर्गात एक मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरत असे. मी त्याला लाडावलेला समजत होते, आणि दोनदा रागावलेही होते. मग एक फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. त्यांनी भाषण केले नाही. त्या दोन दिवस मागच्या बाकावर बसून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी करायला सांगितल्या : मुलाचा बाक घंटेपासून लांबच्या भिंतीकडे न्यावा, घंटेपूर्वी दोन मिनिटे त्याला बोट दाखवून घड्याळ दाखवावे, आणि दिवसाचे वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्या बाकावर चिकटवावे. पंधरा दिवसांत बाकाखाली शिरणे जवळजवळ थांबले. चित्रांचे वेळापत्रक तर इतर मुलांनीही मागितले, हा आमचा अनपेक्षित फायदा. हे प्रशिक्षण असेल, तर मला ते हवे आहे. पण याला सभागृह लागत नाही, तो मागचा बाक लागतो.

हिशेबनीस (स्वमग्न, वय 34)

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. माझे निदान सत्ताविसाव्या वर्षी झाले. वरील तिन्ही मते वाचली आणि तिन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली : अडचण मुलात आहे, आणि ती ओळखायला व हाताळायला इतरांनी शिकायचे आहे.

‘स्वमग्न’ या शब्दापासूनच चूक सुरू होते. मी स्वतःत मग्न नसतो. बरेचदा आजूबाजूचे सगळे एकाच वेळी माझ्यावर आदळत असते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडले की न समजणे दुहेरी असते. आम्हाला तुमचे जसे कळत नाही, तसेच तुम्हालाही आमचे कळत नाही, परंतु दोष मात्र एकाच बाजूच्या नावे लिहिला जातो. प्रशिक्षणात हे शिकवले जाणार नसेल आणि केवळ ‘डोळ्याला डोळा देत नाही, हात हलवतो, एकटा खेळतो’ ही यादी पाठ करून घेतली जाणार असेल, तर ते न झालेले बरे. मला लहानपणी हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ असे शिकवले गेले. मी बघायला शिकलो. बघत असताना समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, हे कोणी विचारले नाही.

यादीचा दुसरा दोष असा की ती सगळ्यांना एकाच मापाने मोजते. ‘यांना आवाज सहन होत नाही’ असे सांगतात. यंत्रमागाची एका लयीतली खटखट मला दिवसभर चालते, तिच्यात मला हिशेब उलट चांगला जमतो. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी मात्र चालत नाही, कारण ती कधी होणार हे ठाऊक नसते.

एक आई, जुळे सोलापूर

आपले लेखन आवडले, तरी स्पष्ट बोलते. आपण लिहू शकता, नोकरी करता. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तो बोलत नाही आणि त्याला अंघोळीपासून मदत लागते. दोष कोणाच्या नावे लिहिला, या चर्चेने त्याचा दिवस सोपा होत नाही.

गेल्या वर्षी तो अचानक स्वतःच्या गालावर मारून घेऊ लागला. ‘वय वाढले, वर्तन बिघडले’ असे सांगून औषध वाढवले गेले. तो दिवसभर पेंगू लागला, मारणे थांबले नाही. चार महिन्यांनी एका दंतवैद्यांनी त्याला सकाळी सर्वांत आधी, दवाखाना रिकामा असताना बोलावले, प्रखर दिवा बंद ठेवला, तोंडात घालायचा आरसा आधी त्याच्याच हातात खेळायला दिला आणि मग पाहिले. मागची दाढ पूर्ण किडलेली होती. दाढ काढली, त्या आठवड्यापासून हात गालाकडे गेला नाही.

डॉक्टर, आपण पदांविषयी लिहिले. या प्रसंगात कोणते पद रिकामे होते? वर्तन बदलले की आधी दुखणे शोधा, दात, कान, पोट, बद्धकोष्ठता पाहा, एवढे एक वाक्य आधीच्या दवाखान्यात कोणाला ठाऊक असते, तर चार महिने वाचले असते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा 2016 मध्ये, त्याचा व पालकांचा विरोध असताना दिलेल्या मनोविकारावरील औषधानंतर दगावला. त्याच्या आईने लढा दिला आणि 2022 च्या कायद्याने तेथे आरोग्य व देखभाल सेवेतील कर्मचाऱ्यांना स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमतेविषयीचे प्रशिक्षण आवश्यक झाले. त्याच्या नावाने चालणाऱ्या त्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्यांमध्ये स्वमग्न व्यक्तीही असतात. सक्ती म्हणजे केवळ चहा आणि छायाचित्र, असे शिक्षिका बाईंनी ठरवून टाकू नये.

निवृत्त हवालदार

पोलिसांचा उल्लेख एका ओळीत आटोपला, म्हणून थोडे लिहितो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बंदोबस्त करताना हरवलेली मुले आम्ही नेहमी ध्वनिक्षेपकावर नाव पुकारून शोधत असू. नाव पुकारल्यावर ओ न देणारे मूल असू शकते, कर्ण्याच्या आवाजाने ते उलट आणखी दूर पळेल, आणि अशा अनेक मुलांना पाण्याची ओढ असते, हे मला नोकरीत कधी सांगितले गेले नाही. निवृत्तीनंतर नातवामुळे कळले. सिद्धेश्वराचे मंदिर तलावाच्या मध्यावर आहे. असे मूल हरवल्याची वर्दी आली, तर पहिला माणूस तलावाच्या काठावर पाठवायचा, हे शिकवायला दहा मिनिटे लागतात. पदे भरली जाण्याची वाट यासाठी का पाहावी?

बालरोगतज्ज्ञ, होटगी रोड

दाढेचे उदाहरण मला लागले. ते मान्य करतो. तरीही माझा आग्रह सोडत नाही : दुखणे शोधायला शिकवणे आणि निदान करायला शिकवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सर्वांना शिकवा, मी स्वतः शिकेन. दुसरी सर्वांना शिकवू नका. आणि सक्तीला माझा विरोध कायम आहे, कारण सक्ती आली की एखादी खासगी संस्था तीन तासांचा अभ्यासक्रम विकायला येईल.

एक पालक, विजापूर रोड

हा फरक मला सुचला नव्हता. माझ्या मूळ लेखनात मी दोन्ही एकत्र केले होते. मात्र भाषेचा सल्ला तिसऱ्या प्रकारात मोडतो : निदान अचूक होते, तज्ज्ञ होते, पद भरलेले होते, आणि तरीही आजी गप्प झाली. तेव्हा तज्ज्ञांचे जुने ज्ञान कोणी तपासायचे, याचे उत्तर आपल्या मांडणीत नाही. आपल्याकडे शिकाऊ डॉक्टर येत असतील, तर त्यांच्यासमोर एक तास जुळे सोलापूरच्या ताईंना आणि हिशेबनीस यांना बोलू द्याल का? प्रमाणपत्र नको, दीपप्रज्वलन नको.

बालरोगतज्ज्ञ, होटगी रोड

एक तास देईन. गुरुवारी दुपारी गर्दी कमी असते. पण माझ्या असहमतीसह देईन, आणि मीही समोर बसून प्रश्न विचारेन.

हिशेबनीस (स्वमग्न, वय 34)

येईन. प्रश्न आधी लिहून पाठवावेत, ध्वनिक्षेपक नसावा, आणि मी बोलताना खिडकीकडे पाहीन, त्याविषयी कोणी काही म्हणू नये. ताई, आपल्या मुलाविषयी मी बोलणार नाही, ते आपणच बोला. मात्र औषध वाढवल्यानंतर तो पेंगत असे असे आपण लिहिले आहे, त्या चार महिन्यांत तो हाताने किंवा नजरेने काही दाखवत होता का, ते आठवून ठेवावे. मला तो भाग ऐकायचा आहे.