घरासमोरचा रॅम्प रस्त्यावर येतोय, मनपाकडून सूट मिळते का?

पिंप्राळा_प्लॉट: राम राम मंडळी. जळगावात 9 × 15 मीटरचा कोपऱ्याचा प्लॉट, समोर 9 मीटरचा कॉलनी रस्ता, कडेला उघडी गटार. समोरचं सामासिक अंतर (हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायची मोकळी जागा) 3 मीटर. काळी माती म्हणून भराव जास्त टाकला आणि स्लॅबखालचं पार्किंग रस्त्यापासून 45 सेंमी वर गेलं. मिस्तरी म्हणतो, रॅम्प गटार ओलांडून रस्त्यावर मीटरभर काढू. तशी परवानगी मिळते का? अर्ज कुणाकडे?

नकाशा_धुळे: रस्त्यावरच्या रॅम्पला सूट नाही, भाऊ. राज्याच्या 2020 च्या एकात्मिकृत बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर) खास अडचण दाखवली तर मोजमापात लेखी सवलत देता येते, पण ती तुमच्या हद्दीच्या आत. रस्त्याकडचं सामासिक अंतर, एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं) आणि पार्किंगची गरज यांत सवलत नाही, असं तिथेच लिहिलंय. रस्ता तर मनपाचा. त्यावरचा अडथळा महापालिका अधिनियमाच्या कलम 231 खाली नोटीस न देताही काढता येतो. तोडताना गटारीची भिंतही जाते.

आधी गणित बघा. गाडीच्या रॅम्पला उतार 1:8 धरा, म्हणजे 1 चढायला 8 लांबी. 45 सेंमीला 3.60 मीटर लागतात, तुमच्याकडे 3. म्हणजे 60 सेंमीसाठी एवढा घोळ. छताखालच्या पार्किंगला नियम आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 15 सेंमी वर एवढंच मागतो. 30 वर आणा, 2.40 मीटरमध्ये बसतं. थेट 15 वर मात्र नको, पुढच्या डांबरीकरणात रस्ताच वर येतो.

पिंप्राळा_प्लॉट: भराव काढायचा म्हणजे फरशीही जाणार. बाजूच्या सामासिक अंतरातून रॅम्प वळवला तर?

नकाशा_धुळे: ती मागणी निदान ऐकून घेतील. परवानाधारक अभियंत्याकडून सुधारित नकाशा करून मनपाच्या नगररचना विभागात प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या (एमआरटीपी) कलम 44 खाली अर्ज टाका. सोबत मालमत्ता पत्रक, मोजणीची प्रत आणि रस्ता, गटारीचा काठ, पार्किंग, प्लिंथ (जोतं) यांच्या पातळ्यांचा छेद, म्हणजे उभा कापून दाखवलेला नकाशा. अडचण 'गाडी चढत नाही' अशी लिहू नका. छेदात किती सेंमी कमी पडतात ते दाखवा. छेदाशिवाय आलेली फाइल त्रुटी काढून परत येते. नामंजुरी आली तर ती कळल्यापासून 40 दिवसांत त्याच अधिनियमाच्या कलम 47 खाली अपील. आणि '60 दिवस उत्तर नाही म्हणजे मंजूर' या भ्रमात राहू नका. मानीव मंजुरी नियमात बसणाऱ्या नकाशालाच, सवलत मागणाऱ्याला नाही.

सेंट्रिंग_भुसावळ: 1:8 एका रेषेत ओतलात तर गाडीचं पोट वरच्या कडेला घासेल. 30 सेंमीसाठी खाली 80 सेंमी लांबी 1:16 ने, मध्ये 1.60 मीटर 1:8 ने, वर पुन्हा 80 सेंमी 1:16 ने. एकूण 3.20 मीटर, जादा 20 सेंमी पार्किंगच्या आत सोडा.

आता गेट. नियमाप्रमाणे ते आतच उघडायला हवं, आणि रॅम्पही आतच चढतो. दीड मीटरची झडप पूर्ण आत फिरताना टोकाखालची जमीन सुमारे 14 सेंमी वर आलेली असते. गेट तेवढं उचललं तर बंद असताना खालून कुत्रं शिरतं. म्हणून सरकतं गेट घ्या, 9 मीटर दर्शनी भिंतीत जागा भरपूर आहे. कोपऱ्याचा प्लॉट म्हणून भिंतीची उंचीही तपासा: चौकाकडच्या 10 मीटरमध्ये भरीव बांधकाम 75 सेंमीपर्यंतच, वर जाळी.

गटारीवर पाइप टाकून माती लोटू नका. प्लास्टिक अडकलं की पहिल्या पावसात मागच्या घरांत पाणी आणि तक्रार तुमच्या नावावर. ढापे (गटारीवरची काँक्रीटची झाकणं) सुटे ठेवा: 75 × 60 सेंमी, जाडी 10, प्रत्येकाला दोन कड्या. एक ढापा सुमारे 110 किलो, दोघं आकड्याने उचलतात. सलग स्लॅब ओतला तर गाळ काढायला आलेले तो फोडतात. तरी ढाप्यांसाठीही बांधकाम विभागाला लेखी कळवा.

रॅम्पखालची काळी माती निदान 45 सेंमी काढून मुरूम भरा, 15-15 सेंमीच्या थरांत पाणी मारून दाबा. भिंत आणि रॅम्प यांच्यात सांधा मोकळा सोडा. उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते. सांधा नसेल तर कंपाउंडलाच तडा जातो.

पिंप्राळा_प्लॉट: म्हणजे 15 सेंमी भराव काढणं अर्जापेक्षा सोपं. फरशी उचलतो. अर्ज फक्त ढाप्यांचा टाकतो.

नकाशा_धुळे: त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बदललेल्या पातळ्या भोगवटा प्रमाणपत्राच्या नकाशातही दाखवा.