लहान मुलांच्या भावना आणि आपले वागणे : अनुभव धागा

दोन ते सहा वर्षांच्या मुलांचा राग, रडू, भीती किंवा हेवा यांना कसे सामोरे जावे याचे सल्ले पुष्कळ मिळतात. प्रत्यक्षात काय घडले ते मात्र क्वचितच वाचायला मिळते. म्हणून हे आवाहन : एखादा घडलेला प्रसंग लिहावा, मूल काय म्हणाले आणि आपण काय म्हणालो तेही शक्यतो जसेच्या तसे द्यावे. फसलेले प्रयत्न वगळू नयेत. मुलाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र देऊ नये, कारण ते मूल उद्या मोठे होऊन हे वाचू शकते. सुरुवात मी करतो.

माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. घाईत लिफ्टचे बटण मीच दाबले आणि तिने तिथेच बसकण मारून भोकाड पसरले. ‘एवढ्याशा गोष्टीवरून कुणी रडतं का?’ हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेले. लहानपणी ते मी असंख्य वेळा ऐकले होते आणि त्याने माझे रडणे एकदाही थांबले नव्हते. तिचेही थांबले नाही. काही दिवसांनी पुन्हा तेच घडले तेव्हा मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि एवढेच म्हणालो, ‘बटण तुला दाबायचं होतं आणि ते मी दाबलं.’ क्षणभर रडणे उलट वाढले. पण इतका वेळ माझ्यावर ओरडून रडणारी मुलगी आता माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडत होती.

अशाने मुले डोक्यावर बसतात, हा घरातला आक्षेप मी ऐकलेला आहे. त्या दिवशी वर कुणीतरी आमची वाट पाहत होते, म्हणून मी लिफ्ट पुन्हा खाली नेली नाही. तिला हवे होते ते मिळाले नाही; ते हवे होते हे मात्र मी मान्य केले. (वेळ असता तर लिफ्ट पुन्हा नेलीही असती, आणि त्यात शिस्त बिघडण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.) आवेग आवरण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तो मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो, हे वाचल्यापासून तिने ‘शहाण्यासारखे’ वागावे ही माझी अपेक्षा मलाच हास्यास्पद वाटू लागली आहे. अशा वेळी शांत राहणे दोघांपैकी एकालाच जमण्यासारखे असते, आणि तो एक दुर्दैवाने मी असतो.

पाच वर्षांच्या मुलीचे बाबा

आमचा प्रसंग इंजेक्शनचा आहे. ‘अजिबात दुखणार नाही’ असे मी सांगितले, सुई टोचली, आणि घरी येताना मुलगी रडली नाही, फक्त म्हणाली, ‘बाबा, तू खोटं बोललास.’ पुढच्या वेळी मी सांगितले की टोचेल, थोडे दुखेल, रडावेसे वाटले तर रड आणि माझा हात घट्ट धरून ठेव. ती आधीइतकीच घाबरली, रडलीही. पण कोणता हात पुढे करायचा ते तिने स्वतः ठरवले.

चार वर्षांच्या मुलाची आई

मुलांच्या भावनेला नाव द्यावे, हे मी इतक्या वेळा वाचले होते की मुलगा जरा कुरकुरला तरी मी ‘तुला राग आलाय ना?’ म्हणू लागले. एक दिवस तो ओरडला, ‘मला राग नाही आलाय! तू सारखं सारखं सांगू नकोस!’ घडले असे होते की त्याच्या एका चुकीच्या उच्चाराचा किस्सा मी पाहुण्यांना त्याच्यादेखत सांगितला होता आणि सगळे कौतुकानेच हसले होते. त्याला राग आलेला नव्हता, लाज वाटली होती, आणि ती माझ्यामुळे वाटली होती हे मला दिसतच नव्हते.

मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, छायाचित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडताना भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतील अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया मंदावलेली आढळली होती. परंतु त्या प्रयोगातली माणसे प्रौढ होती आणि शब्द ती स्वतः निवडत होती. माझ्या मुलाच्या बाबतीत शब्द मी निवडत होते, आणि तोही चुकीचा. आता मी विचारते, ‘काय झालं ते सांगशील, की नुसतं जवळ बसू?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नुसतं बस’ असेच येते. त्याचे किस्से त्याच्यादेखत सांगणे मी पूर्ण बंद केले आहे.

एक आजोबा

‘मुलगा असून रडतोस?’ हे मी माझ्या मुलाला सहज म्हणत असे. नातवाला तेच म्हणालो तेव्हा माझा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘बाबा, त्याला रडू द्या.’ मला राग आला. तो कुणाचा आला, याचा विचार मी अजून करतो आहे.

दोन मुलांची आई

धाकटा दीड महिन्याचा असताना साडेतीन वर्षांची मुलगी म्हणाली, ‘याला परत देऊन टाक.’ मी दचकून म्हणाले, ‘असं बोलू नये, तू ताई आहेस ना!’ तिने बोलणे बंद केले आणि दुसऱ्या दिवशी बाळाच्या पायाला चिमटा काढला. मी ओरडले, तिला ओढून बाजूला केले, आणि मग न्हाणीघरात जाऊन स्वतः रडले.

रात्री तिच्याजवळ जाऊन मी म्हणाले, ‘मी जोरात ओरडले, ते चुकलं. बाळाला दुखेल असं मी तुला करू देणार नाही. पण तो नको वाटतो, हे तू मला सांगू शकतेस.’ मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या ‘स्टिल फेस’ प्रयोगात आई काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवते, बाळ तिला परत ओढून आणायची धडपड करते आणि शेवटी कोमेजते. पण त्यानंतर आई पुन्हा बोलू लागते, हा त्या प्रयोगाचा शेवटचा टप्पा मी वाचताना फारसा मनावर घेतला नव्हता. त्या रात्री तोच आठवला.

चिमटे त्यानंतरही दोनदा निघाले, आणि दोन्ही वेळा मी तिचा हात धरून ठेवला. महिनाभराने ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘आई, आज तो मला खूप नको वाटतोय.’ मी म्हणाले, ‘बरं.’ मग बाळाला त्याच्या बाबांकडे दिले आणि आम्ही दोघी गच्चीत जाऊन बसलो.