पॉइंट टू-टू मॅच रायफलमध्ये अधूनमधून काडतूस फुटत नाही: दोष पिनेचा, स्प्रिंगचा की काडतुसाचा?

कुपवाडकर (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात नेमबाजी करते. आम्ही सांगलीत राहतो. घरी तिचा नेम धरण्याचा कोरडा (काडतुसाशिवायचा) सराव चालतो आणि प्रत्यक्ष गोळ्यांच्या सरावासाठी आम्ही पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जातो. तिची रायफल जर्मन बनावटीची, एका वेळी एकच काडतूस भरण्याची, बोल्ट अॅक्शनची आहे आणि ती एका ज्येष्ठ नेमबाजाकडून रीतसर हस्तांतर करून घेतलेली आहे. परवाना मुलीच्याच नावे आहे.

थंडी सुरू झाल्यापासून पन्नास काडतुसांच्या खोक्यातील एखाद-दुसरे काडतूस फुटत नाही. बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) बंद होतो, चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणाऱ्या पिनेचा ठोकाही ऐकू येतो, परंतु बार होत नाही. असे प्रकार उभ्याने नेम धरताना अधिक, गुडघ्यावर बसून थोडे कमी आणि पडून जवळजवळ नाहीतच. त्याच खोक्यातील काडतुसे शेजारच्या मुलीच्या रायफलमधून विनातक्रार फुटली, त्यामुळे सगळा दोष काडतुसांवर ढकलणे मला पटत नाही. न फुटलेली काडतुसे क्लबच्या ताब्यात आहेत. भिंगाखाली पाहिले असता काहींच्या बुडाच्या कडेवरील पिनेची खूण उथळ दिसते, तर काहींची फुटलेल्या काडतुसांइतकीच खोल दिसते.

मी कुपवाड एमआयडीसीत टूलरूमचे काम करतो. पिन किंचित लांब करून लेथवर नवी बनवावी, किंवा थोडी कडक स्प्रिंग बसवावी, असा विचार मनात आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अपशिंगेकर (उत्तर)

मी सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिकी अभियांत्रिकी) शाखेत आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि सातारा तालुक्यात राहतो. सर्वप्रथम लेथचा विचार सोडून द्या. शस्त्र कायदा, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि परवान्याशिवाय ते बनवणे किंवा शस्त्राची दुरुस्ती करणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा ठरतो. तुमचा हात कितीही सफाईदार असला तरी हे काम परवानाधारक आर्मररचेच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लांब पिन हा उपाय नव्हे. रिकाम्या चेंबरवर (नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसते ती जागा) चाप ओढला गेला की अशी पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खड्डा किंवा फुगवटा तयार होतो, आणि पुढे प्रत्येक काडतुसाच्या कडेला त्या ठिकाणी भक्कम आधार मिळत नाही. म्हणजे आज कधीतरी होणारा बिघाड उद्या रोजचा होतो, आणि तेव्हा खर्च पिनेचा राहत नाही, नळीचा होतो.

आता मूळ मुद्दा. तुमचे काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणारे आहे; त्यात वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला ओला असताना पितळी कवचात घालून, कवच गरगर फिरवून कडेच्या पोकळ घडीत पसरवलेला असतो आणि नंतर वाळवलेला असतो. पिन ती कड चेंबरच्या काठावर चिरडते तेव्हा मसाला पेटतो. यासाठी तीन गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात: ठोक्यात पुरेसा जोर हवा, कडेला चेंबरच्या काठाचा पक्का आधार हवा आणि नेमक्या त्या जागी मसाला हवा. तुमच्याकडे उथळ आणि खोल अशा दोन्ही खुणा आहेत, त्यावरून एकाहून अधिक कारणे एकत्र काम करत असावीत असे मला वाटते.

उथळ खुणेचा अर्थ जोर कमी पडला. थंडीत याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे बोल्टच्या आत साचून घट्ट झालेले तेल. रायफल जुनी आहे, आणि आधीच्या मालकाने प्रेमापोटी बोल्टमध्ये तेल सोडत राहिले असल्यास ते काजळी आणि गोळीवरील मेणाशी मिसळून चिकट होते. उन्हाळ्यात ते जाणवत नाही, पण पहाटेच्या गारठ्यात पिनेची चाल मंदावते. रायफलसोबतच्या पुस्तिकेप्रमाणे बोल्ट उघडून पिन, स्प्रिंग आणि पिनेची वाट सॉल्व्हंटने पूर्ण स्वच्छ करून घ्यावी, कोरडी करावी आणि तेलाचा केवळ पुसट हात द्यावा. स्प्रिंगचे नंतर पाहू, कारण चिकट तेलातील नवी स्प्रिंगही दुबळीच वागते.

खोल खूण असूनही बार झाला नसेल तर आधी चेंबर तपासा. मॅच (स्पर्धेच्या) रायफलचे चेंबर मुद्दाम तंग ठेवलेले असते आणि गोळीचे टोक नळीतील आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) सुरुवातीला अलगद रुतते. तिथे मेण, शिसे आणि काजळीचे कडे जमले की काडतूस केसभर बाहेर राहते, आणि पिनेचा बराचसा जोर ते आत ढकलण्यातच खर्ची पडतो. गुलमेखेखाली लाकूड पोकळ असावे तसा हा प्रकार आहे: घाव बसतो, पण लागत नाही. सत्राच्या अखेरीस बोल्ट बंद करताना थोडा अधिक जोर लागतो का, हे मुलीला विचारा.

ओळखण्याची एक जुनी रीत आहे, परंतु ती रेंजवर, प्रशिक्षकांच्या समोरच करावी. काडतूस फुटले नाही तर रायफलचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित बार उशिरा होतो. त्यानंतर बोल्ट उघडावा. काडतूस अखंड असल्याची खात्री झाल्यावर तेच काडतूस, जुनी खूण त्याच जागी येईल असे भरून पुन्हा चाप ओढावा. आता ते फुटले तर दोष जोराचा किंवा नीट न बसण्याचा आहे. तरीही फुटले नाही, परंतु अर्धा फेर फिरवून भरल्यावर फुटले, तर पहिल्या जागी मसालाच नव्हता असे समजण्यास हरकत नाही. सरळ अर्धा फेर फिरवून तपासणारे पुष्कळ आहेत. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण पहिल्या ठोक्याने काडतूस आत सरकलेले असते आणि दुसरा ठोका कुठेही बसला तरी बार होऊ शकतो.

शाहूनगर सातारा (उत्तर)

अपशिंगेकर काकांनी यंत्राची बाजू सविस्तर मांडली आहे. मी मुलामुलींना रायफल शिकवते, म्हणून मला प्रश्नातील वेगळीच ओळ महत्त्वाची वाटली: उभ्याने अधिक, पडून जवळजवळ नाही. रायफल तीच, काडतुसे तीच आणि थंडीही तीच असताना स्थिती बदलल्याने बिघाड बदलत असेल, तर हाताकडे पाहिले पाहिजे. बहुतेक बोल्ट अॅक्शनमध्ये बोल्टची मूठ पूर्ण खाली गेलेली नसेल आणि तरीही चाप सुटला, तर स्प्रिंगचा काही जोर मूठ खाली ओढण्यात जातो आणि पिनेचा ठोका हलका पडतो. पडून नेम धरताना हात मुठीवर सहज पोचतो. उभ्याने मात्र तोल जाऊ नये म्हणून मुले मूठ दोन बोटांनी हलकेच टेकवून सोडतात. थंडीत बोटे आखडलेली, जाड जॅकेटची बाही आड येणारी, आणि त्यात ९० मिनिटांत ६० गोळ्या पूर्ण करण्याची घाई. कुपवाडकर, तुम्ही तिच्या उजव्या हाताचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि काडतूस न फुटलेल्या वेळी चाप ओढण्याआधी मूठ कुठे होती ते पाहा.

दुसरी गोष्ट मला अधिक तातडीची वाटते. काडतूस न फुटणे ही दुबळ्या ठोक्याची शेवटची पायरी आहे. त्याच्या बऱ्याच आधीपासून ठोका कमी-अधिक बसत असतो, मसाला असमान पेटतो आणि गोळीचा वेग बदलत राहतो. या काडतुसाची गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. त्यात १० मीटरची घट झाली तर ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. आपल्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर अंतरावर असते, म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना जवळजवळ एक पूर्ण गुण जातो. त्यामुळे न फुटलेली काडतुसे मोजण्यापेक्षा मागील काही महिन्यांचे तिचे पडून मारलेले गट (लक्ष्यावर एकत्र पडलेल्या गोळ्यांच्या खुणा) काढून पाहा. आडवा पसरा तसाच राहून उभा पसरा वाढत गेला असेल, तर रायफल बरेच दिवस तक्रार करत होती. पालक अशा वेळी मुलीच्या श्वासाला किंवा एकाग्रतेला दोष देतात, ते कृपया टाळावे.

मिरज जंक्शन (उत्तर)

काडतुसांना इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये. दुसऱ्या रायफलची पिन कडेवर वेगळ्या आकाराची खूण करत असेल, तर तिथे मसाल्याची उणीव झाकली जाऊ शकते. शिवाय कृष्णाकाठच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले खोके, तेलकट हातांनी हाताळलेली किंवा फरशीवर पडलेली काडतुसे यांचा भरवसा देता येत नाही. वाळलेला मसाला ठिसूळ असतो आणि कडेतून झडू शकतो. वेगळ्या लॉटची (एकाच खेपेत बनलेल्या दुसऱ्या संचाची) काडतुसे आणून पाहावीत.

चेंबर वारंवार साफ करण्याबाबत मात्र माझे काकांशी मतभेद आहेत. साफ केलेल्या नळीला पुन्हा स्थिर व्हायला बऱ्याच गोळ्या लागतात. आमच्या ओळखीचे अनेक चांगले नेमबाज नळीला हातच लावत नाहीत.

अपशिंगेकर (उत्तर)

लॉट बदलून पाहण्यास माझी हरकत नाही, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बोल्ट साफ केला, लॉटही बदलला आणि बिघाड थांबला, तर काय लागू पडले ते कधीच कळणार नाही. न फुटलेली काडतुसे कोणीही उकलून पाहू नयेत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. ती क्लबकडे नोंद करून जमा करावीत.

नळी आणि चेंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळीत मेणाचा समान थर बसल्यावर गोळ्या एका जागी लागतात, हे खरे आहे, आणि तो थर दर सत्राला खरवडण्याची गरज नाही. परंतु चेंबरच्या तोंडाशी जमलेले कडे कोणाच्याही नेमाला मदत करत नाही. बोल्टच्या बाजूने नळीच्या मार्गदर्शक नलिकेतून, चेंबरपुरता ओलसर फेल्ट (नमद्याचा बोळा) फिरवून मग कोरडा फिरवला, तर पुढील नळी जवळपास तशीच राहते. काडतुसाचा ब्रँड बदलणाऱ्यांनी हे अधिक पाळावे, कारण प्रत्येक कंपनीचे मेण निराळे असते आणि दोन मेणांचे मिश्रण फार चिवट होते.

कुपवाडकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याच्या परवानाधारक आर्मररकडून बोल्ट उघडून घेतला. आत तपकिरी, काकवीसारखे घट्ट तेल होते. ते काढल्यावर रेंजवर खुणांची खोली पुष्कळच सारखी झाली, परंतु उभ्याने एकदा काडतूस पुन्हा फुटले नाही. शाहूनगरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे चित्रीकरण पाहिले तेव्हा त्या वेळी मूठ पूर्ण खाली गेलेली नव्हती, हे स्पष्ट दिसले. तेच काडतूस जुन्या खुणेवर भरल्यावर लगेच फुटले. चेंबर अजून साफ केलेले नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे.

जुने गट काढून पाहिले. उभा पसरा खरोखर वाढलेला आहे आणि बोल्ट साफ केल्यानंतर तो कमी झाला असला, तरी मागील वर्षीइतका नाही. आर्मररने स्प्रिंगची मोकळी लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून पाहिली आणि ती आखूड झाल्याचे सांगितले. आता स्प्रिंग बदलावी की आधी चेंबर पाहावे? आणि बदलायचीच असेल, तर थोडी अधिक कडक घेण्यात तोटा काय?

अपशिंगेकर (उत्तर)

आधी चेंबर, कारण त्याला पैसे लागत नाहीत. त्यानंतर स्प्रिंग. आखूड झालेली स्प्रिंग ताणून लांब करू नये किंवा तिच्यामागे वॉशर घालू नये, तो जोर थोड्याच काळात पुन्हा उतरतो. बदली स्प्रिंग त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची घ्यावी. अधिक कडक स्प्रिंगने ठोका जोरात बसेल, पण पिन आदळतानाचा हादरा वाढेल, बोल्ट उचलायला जड जाईल, आणि ज्या मुलीला मूठ पूर्ण खाली नेणे आताच अवघड जाते तिचीच अडचण वाढेल. नवी स्प्रिंग बसवताना आर्मररकडून पिनेचे टोक किती बाहेर येते आणि बोल्ट व चेंबर यांमधील कडेची जागा किती आहे, ही दोन्ही मापे गेजने तपासून लिहून घ्या. जागा मर्यादेबाहेर गेली असेल तर कोणतीही स्प्रिंग फार काळ साथ देणार नाही.

शाहूनगर सातारा (उत्तर)

स्प्रिंग बदलल्यावर साइट (नेम धरण्याचे साधन) पुन्हा लावून घ्यावी लागेल आणि काडतुसांचा लॉटही नव्याने पारखावा लागेल. दुबळ्या ठोक्यावर जो लॉट उत्तम वाटला होता, तोच पुऱ्या ठोक्यावर उत्तम ठरेल असे नाही. हे काम स्पर्धेच्या तोंडावर करू नका. मुठीच्या सवयीसाठी घरच्या कोरड्या सरावात, पुस्तिका रिकामा चाप ओढण्याची परवानगी देत नसेल तर चेंबरमध्ये सरावाचे नकली काडतूस ठेवून, प्रत्येक वेळी बोल्ट उघडून पुन्हा बंद करण्यापासून सुरुवात करायला सांगा. नुसता चाप ओढण्याच्या सरावात हात मुठीकडे जातच नाही. उभ्याने वीस वेळा मूठ तळाला टेकल्याचे बोटाला जाणवले की मगच नजर साइटवर न्यायची, एवढेच तिने सध्या करावे.