पीएचडीनंतर चार वर्षं घरी, आता नाशिकमधूनच परत सुरुवात करायचीय. कुठून करू?

तेल्यावाली:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. वय 36, पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत पीएचडी, विषय डाळिंबावरचा तेल्या रोग, म्हणजे तो करणारा झँथोमोनास जिवाणू. व्हायवा झाला आणि पाठोपाठ डिलिव्हरी, नवऱ्याची नोकरी सातपूर एमआयडीसीत म्हणून आम्ही नाशिकला आलो, पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या कामाचं) बघू बघू म्हणता चार वर्षं गेली. आता लेक बालवाडीत जायला लागलीय आणि डोकं परत खायला लागलंय.

पुणे शक्य नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लेक लहान, रोज काय आठवड्यातून दोनदा जाणंही जमणार नाही. मैत्रीण म्हणते आधी सेट (प्राध्यापक व्हायची राज्याची परीक्षा) दे आणि कॉलेजात लाग. गाईड म्हणतात बायकांसाठी सरकारी फेलोशिप असते ती बघ. नवरा म्हणतो डेटा सायन्सचा कोर्स कर, घरून काम मिळेल (त्याच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांवर हेच उत्तर आहे). ब्रेकनंतर खरंच परत आलेल्यांनी सांगा. आणि कृपया कमला सोहोनींचं (त्या जुन्या काळातल्या बायोकेमिस्ट) उदाहरण देऊ नका, ते सासरेबुवा आठवड्याला देतात.

खडू_डस्टर:
अगं, सेट कशाला? तुझी पीएचडी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 किंवा 2016 च्या नियमांप्रमाणे झाली असेल तर सहायक प्राध्यापकाला नेट-सेटमधून सूट आहे. फक्त डिग्री त्या नियमांनुसार आहे असं विद्यापीठाचं सर्टिफिकेट लागतं, ते आत्ताच अर्ज करून काढून ठेव. इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या रडवेल्या मुली मी पाहिल्यात.

पण कॉलेज म्हणजे सध्या तरी तासिका तत्त्व हे डोक्यात ठेव. घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि तेही हातात कधी पडतील ते कॉलेजवर. मी स्वतः त्यातून गेलेय. शिकवायची सवय आणि ओळखी राहतात हा फायदा खरा, पण पेपर तपासणं, प्रॅक्टिकल, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली यात रिसर्चला वेळ उरत नाही. म्हणून हा पर्याय दुसऱ्या कशाच्या तरी जोडीला घे, एकटा नको.

ग्लिसरॉल_स्टॉक:
मी डीएसटीच्या (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या) महिला योजनेतून परत आले, तेव्हा तिला वॉस-ए म्हणायचे, आता वाइज-किरण या नावाखाली पीएचडी झालेल्यांसाठी वाइज-पीडीएफ आहे. तीन वर्षांची, वयाची अट 27 ते 60, म्हणजे 36 ला घाबरू नकोस. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझ्या वेळी प्रोजेक्ट माझ्या नावावर होता, कोणाच्या तरी प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून नव्हते. ब्रेकनंतर आत्मविश्वासाला याचा किती आधार होतो ते करून बघितल्यावरच कळतं.

होस्ट संस्था (जिथे बसून काम करायचं ती) पुण्यातली मोठी लॅबच पाहिजे असं डोक्यातून काढ. माझी होस्ट जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज होती, विद्यापीठाची मान्यता असलेलं रिसर्च सेंटर होतं तिथे. मोठी मशीन नव्हती, डीएनए सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं. पण प्राचार्य सही करायला आणि मेंटॉर बोलायला तयार होते, त्या जोरावर तीन वर्षं निघाली. याउलट माझी एक मैत्रीण नावाजलेल्या संस्थेत गेली, तिथे तिला बसायला टेबल मिळेपर्यंत बरेच महिने गेले.

आणि तू नाशिकमध्ये आहेस हे रडगाणं काय लावलंयस? सटाणा, मालेगाव, कळवण, देवळा, सगळा डाळिंबाचा पट्टा तुझ्या दारात! पुण्यातल्या लॅबवाल्यांना सॅम्पल आणायला गाडी करावी लागते. शेतकरी तेल्यावर स्ट्रेप्टोसायक्लीन हे अँटिबायोटिक मारतात हे तुला माहितीच आहे, मग तुझ्या तालुक्यातल्या आयसोलेट्समध्ये (बागांतून वेगळ्या काढलेल्या जिवाणूंमध्ये) त्याला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला न जुमानणं, किती आलाय हा साधा, स्वस्त आणि तीन वर्षांत संपणारा प्रश्न आहे. ब्रेकनंतरच्या पहिल्या प्रपोजलमध्ये जग बदलायला जाऊ नये, कमिटी एवढंच बघते की या बाईकडून हे होईल का. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहेच, तिथल्या कोणाला तरी सहकार्यासाठी लिही.

आजच्या आज करायचं काम: गाईडना फोन करून विचार की तुझे उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले जिवाणूंचे स्टॉक अजून आहेत का. नवे विद्यार्थी आले की जुने बॉक्स आधी फेकले जातात. तुझी जुनी आयसोलेट्स जिवंत असतील तर तेव्हाचा आणि आत्ताचा रेझिस्टन्स शेजारी ठेवता येईल, निम्मं प्रपोजल तिथेच झालं.

आता वाईट बातमी. तीन वर्षं संपली की पुढे कोणी नोकरी हातात देत नाही. योजना संपते आणि तू परत तिथेच, फक्त दोन-तीन पेपर जास्त. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच पुढचे अर्ज सुरू करायचे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

क्लेम_वन:
तिसरी वाट सांगते कारण ती कोणी सांगत नाही. त्याच डीएसटीची वाइज-आयपीआर आहे (आधीची वॉस-सी), एक वर्षाचं पेटंटचं ट्रेनिंग, 45 पर्यंत चालतं. नंतर पेटंट एजंटची परीक्षा: दोन लेखी पेपर, प्रत्येकात किमान 50 टक्के, मग तोंडी, आणि सगळं मिळून 60 टक्के. परीक्षा दरवर्षी होईलच असं नाही, त्यामुळे जाहीर झाली की सोडायची नाही.

मी केमिस्ट्रीवाली, आता घरून फार्मा कंपन्यांचे पेटंट ड्राफ्ट करते. लॅबचा वास सुटला याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पैसे वेळेवर येतात आणि दिवसभर विज्ञानच वाचते. डेटा सायन्सपेक्षा तुझी पीएचडी इथे जास्त कामाला येईल.

जुना_वाचक:
ताई, तुम्ही नको म्हणालात तरी सोहोनीबाईंचं बोलतो, पण सासऱ्यांसारखं नाही. सगळे जण 1933 चा किस्सा सांगून थांबतात, रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला आणि यांनी सत्याग्रह केला तो. त्यापुढचं कोणी सांगत नाही: केंब्रिजहून पीएचडी घेऊन आल्यावर दिल्ली, मग तमिळनाडूतलं कुन्नूर, आणि 1947 साली लग्न झालं म्हणून मुंबई. म्हणजे गाव बदलणं त्यांनाही चुकलं नाही. आणि मुंबईत त्यांनी काम कशावर केलं तर नीरा, डाळी, आपल्याकडे गरिबाच्या पोटात जाणारं अन्न. ग्लिसरॉल ताई म्हणतात ते डाळिंबाचं मला म्हणून पटलं.

तेल्यावाली:
काका, हा भाग सासऱ्यांना वाचून दाखवते 😄
खडू_डस्टर ताई, सर्टिफिकेटचा अर्ज उद्याच टाकते. पेटंटचं वाचून मोह झाला, पण आधी प्रपोजल लिहून बघते. गाईडना फोन केला, बॉक्स आहे म्हणाले, पण मधे फ्रीजर बंद पडला होता तेव्हा काय काय गेलं ते माहीत नाही. जाऊन उगवून बघावं लागेल. एक शंका, तेल्या खरा दिसतो मृग बहरात (पावसाळ्यात धरलेल्या बागांत). पैसे ऑक्टोबरात आले तर पहिलं वर्ष वायाच ना?

ग्लिसरॉल_स्टॉक:
तेच तर. तीन वर्षं म्हणजे कागदावर तीन मृग, हातात दोनच धर आणि प्रपोजलमध्ये तसंच लिही. पहिल्या वर्षात जुने स्टॉक, प्रायमर (डीएनए चाचणीला लागणारे छोटे तुकडे), पद्धती बसवणं, आणि हस्त बहराच्या (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणाऱ्या) बागा. मंजुरीची वाट न बघता या पावसाळ्यात ओळखीच्या दोन-चार बागांतून पानं-फळं आणून कल्चर करून ठेव, कॉलेज इन्क्युबेटर वापरू देईल. आणि बजेटमध्ये प्रवासखर्चाचा रकाना भरायला विसरू नकोस, कमिटी त्यातूनच आधी कापते, म्हणून सटाण्याच्या फेऱ्यांचा हिशोब किलोमीटरसकट लिहून दे.